मानसशास्त्राची पहिली उजळणी: जोड्या लावा, गल्लत टाळा

एफवायला मानसशास्त्र घेतलं की पहिले दोन महिने विषय फार सोपा वाटतो. स्मृती, भावना, प्रेरणा, बुद्धी, व्यक्तिमत्त्व, यातला एकही शब्द परका नाही. गणितातलं एखादं प्रकरण आलं नाही तर ते तिथल्या तिथे कळतं. इथे धडा वाचताना आपली मान डोलत राहते, आणि पेपरात ‘ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा’ आलं की पेन अडतं. म्हणून या विषयात उजळणी करायची ती ओळखीच्या वाटणाऱ्या संकल्पनांचीच. तीसुद्धा एकेक सुटी घेऊन नको. ज्या दोन संकल्पना एकमेकींत मिसळतात त्या शेजारी ठेवूनच ती करावी लागते.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींबरोबरच नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्यांना आणि बी.कॉम. करून आता समुपदेशनाकडे वळू पाहणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल.

पहिली पायरी: पुस्तक मिटून सुरुवात

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन गाईड आणायचं, मित्राच्या नोट्सची झेरॉक्स काढायची आणि तीन रंगांचे हायलायटर घेऊन अभ्यासिकेत बसायचं, ही आपली नेहमीची रीत. पान रंगीत होतं आणि अभ्यास झाल्यासारखा वाटतो. मानसशास्त्राचंच संशोधन याच्या विरोधात आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा अभ्यासक्रमाचा कागद समोर ठेवा, एक प्रकरण निवडा आणि पुस्तक न उघडता आठवेल ते सगळं कोऱ्या पानावर लिहा. वाक्यं मोडकी असली तरी चालतील. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरा. हा दुसरा रंग हीच तुमची उजळणीची यादी. पहिल्या दिवशी पान जवळजवळ कोरं राहतं आणि मन खट्टू होतं. ते होऊ द्या, पण पुस्तकात डोकावू नका.

दुसरी पायरी: सालं पुण्याला बांधा

इतिहासाचं प्रकरण लहान असतं आणि त्यातली सालं मुलं घोकत बसतात. त्याऐवजी ती आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींना बांधून टाका. विल्हेल्म वुंटने लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले तेच हे वर्ष. एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख मांडला तो १८८५ साली, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं त्या वर्षी. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला १९१६ ला, आणि त्याच वर्षी इकडे कर्व्यांचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. वॉटसन आणि रेनर यांचा ‘लिट्ल अल्बर्ट’ (तान्ह्या मुलाला भीती शिकवण्याचा प्रयोग) १९२० चा, लोकमान्य गेले ते साल. आणि १९६१ म्हटलं की पुणेकराला पानशेतचा पूरच आठवतो. बांडुराचा बोबो बाहुलीचा प्रयोग (मोठ्यांची मारझोड पाहून मुलं तीच करतात का, हे बघणारा) त्याच वर्षी छापून आला, आणि पुरानंतरच्याच महिन्यात मिलग्रॅमने येलमध्ये आपल्या आज्ञापालनाच्या प्रयोगांना हात घातला.

या घटनांचा आपसात काही संबंध नाही आणि लागायलाही नको. नवी माहिती जुन्या, पक्क्या माहितीला जोडली की ती सापडायला सोपी जाते, एवढंच यात आहे. स्मृतीच्या प्रकरणात पुढे हेच ‘विस्तारित उजळणी’ म्हणून भेटतं.

तिसरी पायरी: संशोधन पद्धती आधी

हे प्रकरण रुक्ष म्हणून सगळे शेवटी ठेवतात. माझं मत उलटं आहे. हे पक्कं झालं की बाकीच्या प्रकरणांतला प्रत्येक प्रयोग अर्ध्या वेळात समजतो. एक उदाहरण घेऊन सगळ्या संज्ञा त्यावरच बसवा. समजा प्रश्न असा आहे: मोबाइल जवळ असला तर वाचलेलं कमी लक्षात राहतं का? सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतली साठ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकून तीस-तीसचे दोन गट केले. एका गटाचे मोबाइल टेबलावर, दुसऱ्याचे बाहेर कपाटात. दोघांनी एकच उतारा वाचला आणि एकच चाचणी दिली. मोबाइल कुठे आहे हे आपण ठरवलं, तो स्वतंत्र चल (चल म्हणजे बदलू शकणारी गोष्ट). चाचणीतले गुण आपण मोजले, तो परतंत्र चल. उतारा, वेळ, दिवे, पंखा दोघांना सारखे ठेवले, ते नियंत्रित चल.

चिठ्ठ्या टाकून गट पाडणं ही यादृच्छिक विभागणी. ती साठ मुलं मुळात कुठून आणली हा यादृच्छिक नमुना निवडीचा प्रश्न. पहिलीमुळे कारण आणि परिणाम बोलता येतो, दुसरीमुळे निष्कर्ष किती लोकांना लावता येईल ते ठरतं. वरच्या प्रयोगात पहिली आहे, दुसरी नाही. म्हणजे ‘मोबाइलमुळे गुण कमी झाले’ असं म्हणता येईल, ‘महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांचे होतात’ असं नाही. हे एवढं ज्याला नीट लिहिता आलं त्याचे या प्रकरणातले निम्मे गुण आले.

सहसंबंधाला, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने बदलण्याला, दोन ओळी पुरतात. एप्रिलमध्ये सारसबागेबाहेर उसाचा रस जास्त खपतो आणि त्याच दिवसांत उन्हाने चक्कर येणारेही वाढतात. रसाने चक्कर येत नाही. दोन्हींच्या मागे ऊन आहे. हे ऊन म्हणजे तिसरा चल.

चौथी पायरी: अध्ययन, इथे जरा मुक्काम करा

पहिल्या वर्षाच्या पेपरात सर्वांत जास्त गोंधळ याच प्रकरणात होतो, म्हणून इथे घाई नको.

अभिजात अभिसंधान आधी, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसून प्रतिसाद शिकला जाणं. पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामासाठी मिळालं होतं. कुत्र्यांची लाळ हा त्याच अभ्यासाचा भाग. पण कुत्रा बाजूला ठेवा आणि सिंहगड चढा. वर कैरीच्या फोडी, त्यावर तिखट-मीठ. टोपली दिसली की तोंडाला पाणी सुटतं. आता चार संज्ञा लावताना सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करा: यात न शिकता आपोआप होणारं काय आहे? आंबट चव जिभेवर पडली की लाळ सुटते, हे कुणी शिकवत नाही. म्हणून आंबट चव हा अनभिसंधित उद्दीपक आणि त्या चवीने सुटणारी लाळ हा अनभिसंधित प्रतिसाद. कैरी नुसती दिसणं हा अभिसंधित उद्दीपक, आणि दिसल्यावर सुटणारी लाळ हा अभिसंधित प्रतिसाद. लाळ तीच, पण ती कशामुळे सुटली यावर तिचं नाव ठरतं. ज्याने कैरी आयुष्यात चाखलेली नाही त्याच्यासमोर टोपली ठेवली तर तो नुसता रंग बघेल.

याच उदाहरणावर पुढच्या संज्ञा बसवा. कैरी रोज नुसती दाखवली आणि कधीच दिली नाही तर लाळ हळूहळू कमी होते, हे विलोपन. मध्ये काही दिवस गेले आणि कैरी दिसताच पुन्हा पाणी सुटलं, तर ती उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. म्हणजे विलोपनात शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं. कधी न खाल्लेलं एखादं हिरवं फळ पाहूनही लाळ सुटली तर सामान्यीकरण. पिकलेला हापूस पाहून ती आंबट कळ येत नसेल तर भेदबोधन.

आता साधक अभिसंधान. इथे वर्तन आपण करतो आणि त्याचा परिणाम नंतर येतो. चार प्रकारांसाठी फक्त दोन प्रश्न विचारा. वर्तन वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. वर्तनानंतर काही आलं की काही गेलं? आलं तर धन, गेलं तर ऋण. धन म्हणजे चांगलं आणि ऋण म्हणजे वाईट असं इथे काही नाही, गणितातली अधिक आणि वजा एवढाच त्यांचा अर्थ.

उदाहरण पुण्यात हेल्मेटचंच हवं. हेल्मेट आरशाला लटकलेलं आहे. पुढच्या चौकात पोलीस दिसतात, तुम्ही ते घाईघाईने डोक्यावर चढवता, पावती टळते. पुढच्या वेळी चौक जवळ आला की हात आपोआप हेल्मेटकडे जातो. हेल्मेट घालणं वाढलं आणि नकोशी गोष्ट टळली, म्हणून ऋण प्रबलन. आता तुम्ही सापडलात असं धरा. पावती फाटली, खिशातले पैसे गेले आणि नंतर बोडक्या डोक्याने गाडी चालवणं कमी झालं. वर्तन घटलं, हवीशी गोष्ट गेली, म्हणून ऋण शिक्षा. पोलिसाने चारचौघांत झापलं आणि त्या लाजेने तेच वर्तन घटलं तर धन शिक्षा, कारण इथे नकोशी गोष्ट आली. आईने ‘हेल्मेट घालून आलास, शहाणा आहेस’ म्हटलं आणि त्यामुळे घालणं वाढलं तर धन प्रबलन. एकाच रस्त्यावर चारही प्रकार सापडतात. फक्त आपण कोणतं वर्तन मोजतोय ते आधी लिहायचं: हेल्मेट घालणं की न घालणं. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य नसलं की पुढचं सगळं घसरतं.

आणि हो, ‘वर्तन कमी झालं’ हे खरोखर झालेलं असावं लागतं. पावती फाटूनही माणूस दुसऱ्या दिवशी तसाच निघाला, तर साधक अभिसंधान मांडणाऱ्या स्किनरच्या हिशेबात ती शिक्षाच झाली नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पावत्या या व्याख्येत बसणार नाहीत.

प्रबलनाच्या वेळापत्रकांना एकेक उदाहरण पुरेल. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी: स्थिर गुणोत्तर. लॉटरीचं तिकीट, कितव्याला लागेल सांगता येत नाही: बदलतं गुणोत्तर, आणि म्हणूनच ती सवय सुटायला सर्वांत चिवट. ठरलेल्या तारखेच्या परीक्षेआधीच वाढणारा अभ्यास: स्थिर कालांतर. कुणाचा मेसेज आला का म्हणून सारखा मोबाइल बघणं: बदलतं कालांतर. गुणोत्तर म्हणजे किती वेळा केलं, कालांतर म्हणजे किती वेळ गेला.

पाचवी पायरी: स्मृती

‘माझी शॉर्ट टर्म मेमरी वीक आहे, काल काय जेवलो ते आठवत नाही.’ कालचं जेवण हे दीर्घकालिक स्मृतीतलं आहे. अल्पकालिक स्मृती घोकलं नाही तर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामी होते. पीटरसन दांपत्याच्या १९५९ च्या प्रयोगात अठरा सेकंदांनी बहुतेक अक्षरं गेलेली होती. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये तिची मर्यादा सात, अधिक-उणे दोन अशी सांगितली. दहा आकडी मोबाइल नंबर आपण पाच-पाच करून सांगतो तो त्यामुळेच. वेदनिक (ज्ञानेंद्रियांकडून आलेलं क्षणभर धरणारी), अल्पकालिक आणि दीर्घकालिक अशी तीन कप्प्यांची आकृती ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांची, १९६८ ची. ती न बघता काढता आलीच पाहिजे.

अडथळ्यांची जोडी मुलं कायम उलटी लिहितात. पुण्याच्या बससेवेचं, पीएमटीचं, पीएमपीएमएल होऊन २००७ पासून एवढी वर्षं झाली, तरी जुन्या पुणेकराच्या तोंडी ‘पीएमटीने आलो’ हेच येतं. जुनं नव्याच्या आड आलं: अग्रलक्षी अडथळा. नवा पिन इतका अंगवळणी पडला की जुना काय होता तेच आठवेना, तर नवं जुन्याच्या आड आलं: पश्चलक्षी. विसरलं काय ते आधी शोधा. नवं विसरलं तर दोष जुन्याचा, जुनं विसरलं तर नव्याचा.

स्मृती म्हणजे कॅमेरा नव्हे, हे दाखवायला लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग लिहा. गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. गाड्या ‘एकमेकींवर जोरात आदळल्या’ या अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, नुसतं ‘टेकल्या’ या अर्थाचं वापरलं तेव्हा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, पण काय बदललं आणि काय मोजलं हे सांगता यायला हवं.

सहावी पायरी: घरी करून पाहण्यासारखं

पियाजेच्या बालविकासाच्या अवस्था पाठ करण्याआधी घरातलं किंवा शेजारचं चार-पाच वर्षांचं मूल गाठा. दोन सारख्या पेल्यांत सारखंच ताक ओता आणि ‘दोन्हींत सारखं आहे ना?’ असं विचारून त्याच्याकडून हो म्हणवून घ्या. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातलं ताक उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, आता जास्त कशात? या वयातली बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. हेच तिसरी-चौथीतल्या भावंडाला विचारा, ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल. पूर्व-क्रियात्मक (२ ते ७ वर्षं) आणि मूर्त क्रियात्मक (७ ते ११) यांतला फरक एका पेल्यात दिसला. लहान मुलाला हसू मात्र नका.

वेदन आणि संवेदन ही जोडी ऐकण्यावरून धरा. कानावर आवाज पडला, चेतापेशींनी तो पोहोचवला, हे वेदन. तो आवाज कुकरच्या शिट्टीचा आहे आणि तिसरी आहे हे कळलं, ते संवेदन. वेबरचा नियमही सोपा आहे: पाव किलोच्या पिशवीत शंभर ग्रॅम घातले तर कळतं, दहा किलोच्या पिशवीत कळत नाही. फरक जाणवणं मूळ वजनाच्या प्रमाणात असतं.

मेंदू आणि चेतासंस्थेला वेगळी युक्ती नाही. आकृती काढा, नावं घाला, फाडा, पुन्हा काढा. फिनिअस गेज (१८४८, डोक्यातून लोखंडी कांब आरपार गेलेला कामगार) आणि ब्रोकाचा रुग्ण (१८६१, बोलणं गेलेला) ही दोन नावं मात्र त्यांच्या मेंदूच्या जागांसकट हवीत.

सातवी पायरी: बुद्धी, चाचण्या आणि माणसं

बिने आणि सिमोन यांची चाचणी १९०५ ची. बुद्ध्यंकाचं जुनं सूत्र: मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले शंभर. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा असेल तर १२५. आजच्या चाचण्या असा भागाकार करत नाहीत, त्या समवयस्कांच्या तुलनेत तुमचं स्थान सांगतात, सरासरी १०० धरून. हे दुसरं वाक्य गाईडमध्ये बहुधा नसतं, तुम्ही लिहा. पुण्यात या विषयाचा दाखला दूर शोधायला नको: सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी सुरू झाली आणि तिचे संस्थापक आप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचेच अभ्यासक.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता: मंडईतला काटा रोज बरोबर शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे (रोज तेच सांगतो), सप्रमाण नाही (खरं वजन सांगत नाही).

मॅस्लोची गरजांची श्रेणी (१९४३) लिहिताना त्रिकोण काढायला हरकत नाही, पण त्याच्या मूळ लेखात त्रिकोण नाही, एवढं माहीत असू द्या. फ्रॉइडच्या सिद्धांतातले इदम्, अहम्, पराहम् आणि संरक्षण यंत्रणा पाठ होतातच. विकृतींचं प्रकरण आलं की मावशीला आणि रूममेटला निदानं वाटत सुटू नये, ही एक विनंती.

सामाजिक मानसशास्त्रात आरोपणाची चूक पुण्याच्या रस्त्यावर फुकट शिकता येते. वन-वेतून उलटा येणारा दिसला की आपण म्हणतो, ‘अक्कल नाही याला.’ आपण तसेच घुसलो की म्हणतो, ‘पुढे खोदून ठेवलंय, काय करणार!’ दुसऱ्याचं वर्तन स्वभावाला लावलं, परिस्थिती विसरलो: मूलभूत आरोपण चूक. स्वतःचं परिस्थितीला आणि दुसऱ्याचं स्वभावाला अशी दोन्ही मापं एकत्र आली की कर्ता-निरीक्षक पक्षपात.

अनुरूपता आणि आज्ञापालन वेगळं ठेवा. ॲशच्या रेषांच्या प्रयोगात (१९५१) दबाव बरोबरीच्या लोकांचा होता आणि कुणी हुकूम दिला नव्हता. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी चुकीच्या घोळक्याबरोबर गेले. मिलग्रॅमकडे दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्याचा हुकूम होता; पहिल्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत पोहोचले. विजेचे झटके खोटे होते, हे लिहायला विसरू नका. बघ्यांच्या परिणामात (बघे जास्त असले की मदत कमी मिळते) जुन्या नोट्स अजून १९६४ ची न्यूयॉर्कची घटना, किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून, ‘३८ जण नुसते बघत राहिले’ अशी सांगतात. ती बातमी अतिरंजित होती हे नंतर पुढे आलं आहे. आधार द्यायचा तो डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगाचा.

आठवी पायरी: कधी, कुठे, कुणाबरोबर

एक प्रकरण एका दिवसात संपवून बाजूला ठेवू नका. आज केलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दर वेळी कोऱ्या पानावर. एबिंगहाउसच्या आलेखात घसरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र असते, म्हणून पहिली फेरी दुसऱ्या दिवशीच हवी. एका बैठकीत दोन वेगळी प्रकरणं घ्या, म्हणजे हा प्रश्न कुठल्या संकल्पनेचा हे ओळखायचाही सराव होतो. पेपरात वर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं.

अभ्यासिकेत बोलता येत नाही, आणि हा विषय बोलल्याशिवाय पक्का होत नाही. सकाळी एक जोडीदार घेऊन फर्ग्युसनमागच्या हनुमान टेकडीवर किंवा तळजाईला जा. चढताना एकाने जोडी द्यायची, दुसऱ्याने फरक आणि स्वतःचं उदाहरण सांगायचं; उतरताना अदलाबदल. उदाहरण पुस्तकातलं चालणार नाही, हा एकच नियम. जोडीदार मानसशास्त्राचा नसेल तर आणखी चांगलं, कारण तो ‘म्हणजे काय?’ असं सरळ विचारतो.

उत्तर लिहिताना व्याख्या एका वाक्यात, मग प्रयोग (कुणी, काय बदललं, काय मोजलं), मग तुमचं उदाहरण आणि शेवटी त्या सिद्धांताची एक मर्यादा. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर दोन रकाने आखून डावीकडे एक आणि उजवीकडे एक एवढ्यावर सोडू नका. खाली एकच प्रसंग घेऊन तो दोन्ही बाजूंनी दाखवा, वर हेल्मेटचा दाखवला तसा. आदल्या रात्री नवं प्रकरण उघडू नका. दुसऱ्या रंगाने भरलेली पानं एकदा चाळा आणि झोपा, कारण दिवसभराचं वाचलेलं पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेतच चालतं.